गिटारच्या नेकमध्ये ट्रस रॉड बसवायचाय? नेक चौकोनी आहे तोवरच खाच मारा

मिरजेत सतारी-तंबोरे बनतात तिथं बघितलंत तर सतारीच्या तुणाच्या लाकडाच्या दांडीत लोखंडाची सळई वगैरे काही नसतंय, म्हणून आपल्याकडं हमखास विचारतात की मग गिटारलाच हे लचांड कशाला. कशाला तर, स्टीलच्या तारांच्या अकूस्टिकवर बाराचा सेट (सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंचाची) लावून सुरात आणला की सहा तारा मिळून ७० ते ७५ किलोच्या आसपास ओढतात, आणि नेक, म्हणजे गिटारची दांडी, मुठीत मावावी म्हणून आपण ती पहिल्या फ्रेटपाशी २०-२१ मिमीवर आणून ठेवलेली असते, त्यातले ६ मिमी तर नुसता फ्रेटबोर्ड (फ्रेट ठोकलेली वरची पट्टी). एवढंसं लाकूड हळूहळू पुढं वाकणारच, आणि तो बाक मागं ढकलायला ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आत बसवलेली, चावीनं पिळता येणारी सळई. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांना याचं पेटंट १९२३ ला मिळालं. नायलॉन तारांच्या क्लासिकलमध्ये ताण कमी, तिथं बहुतेक वेळा रॉड घालतच नाहीत.

आधी रॉड विकत घ्या, मग खाच. टू-वे घ्या, सरळ खाचेत बसतो आणि नेक दोन्ही बाजूंना हलवता येते. वन-वे जुन्या पद्धतीचा, त्याला तळाला बाक असलेली खाच लागते, पहिल्या गिटारला कशाला डोक्याला ताप. ऑनलाइन ४४०-४६० मिमी लांबीचे, ६ मिमी रुंद आणि ९ मिमी उंच असे मिळतात, पण लिहिलेल्या मापावर विश्वास ठेवू नका, व्हर्नियर लावून स्वतः मोजा.

लाकूड वखारीतनं घेताना रेषा सरळ लांबीभर गेलेल्या बघा आणि वाळलेलंच घ्या, ओलं लाकूड नंतर पिळलं तर रॉड काही करू शकत नाही, तो फक्त पुढं-मागं वाकवतो. सागवान चालतं पण त्यात सिलिका असते, राउटरचं (खाच मारायच्या मशीनचं) बिट लवकर बोथट होतं, आणि तेलकट असल्यामुळं चिकटवायच्या आधी ॲसिटोननं पुसून घ्यावं लागतं.

आता मुख्य मुद्दा. पाठीमागची गोलाई काढायच्या आधी, नेक निमुळती करायच्याही आधी, ठोकळा चारी बाजूंनी रंधून गुण्यात असतानाच खाच मारायची, कारण राउटरचं गाइड सरळ कडेलाच टेकून चालतं. मधोमध रेघ मारा, ६ मिमीचं सरळ बिट (सुताराच्या भाषेत दोन सूत, पण दोन सूत म्हणजे नेमकं ६.३५ मिमी, तेवढ्यानं रॉड ढिला होतो, म्हणून मिमीतलंच बिट घ्या) आणि एका फेरीत २-३ मिमीच खोल जायचं. एकदम ९ मिमी उतरलात तर बिट जळतं, भटकतं, आणि भटकलेली खाच परत सरळ होत नाही. गाइड दरवेळी त्याच एका कडेला टेकवा. शेवटाला बिटची गोलाई राहते ती पटाशीनं चौकोनी करा, आणि रॉडच्या टोकाला चावी लागते तो नटाचा भाग जाडा असतो तिथं तेवढ्यापुरतं रुंद-खोल करा.

रॉड बोटानं दाबला की आत गेला पाहिजे, हातोडी लागत असेल तर खाच अरुंद, उलटं केल्यावर आपोआप पडत असेल तर ढिली. वरची बाजू लाकडाशी बरोबर किंवा केसभर खाली. वर राहिला तर फ्रेटबोर्ड नीट टेकत नाही, फार खाली गेला तर वाजवताना आतून खुळखुळतो, तळाला लाकडाची पातळ पट्टी घालून वर घ्या. पाठ कोरताना खाचेखाली निदान ४-५ मिमी लाकूड राहील हे आत्ताच कागदावर काढून बघा.

रॉडचं चावी लावायचं टोक कुठल्या बाजूला? अकूस्टिकला मी साउंडहोलकडूनच (पेटीवरच्या गोल भोकाकडून) ठेवतो. हेडस्टॉककडनं (खुंट्या असतात त्या टोकाकडनं) फिरवायला सोपं जातं हे खरं, पण गिटार पडली की नेक जिथं मोडते नेमकं तिथलंच लाकूड आपण त्यासाठी कोरून काढतो.

कुठली बाजू वर ते टेबलावरच ठरवा. रॉड आडवा ठेवा, ऍलन की घालून घड्याळाच्या दिशेनं अगदी थोडा पिळा, ज्या बाजूला मधोमध फुगवटा येतो ती बाजू फ्रेटबोर्डकडं. खूण करा आणि परत मोकळा सोडा. उलटा बसला तर पिळल्यावर नेक आणखी पुढं वाकते.

बसवताना खाचेत तीन ठिकाणी सिलिकॉनचा ठिपका, खुळखुळ थांबते. सुतारकामात सवय असते म्हणून काही जण खाच फेव्हिकॉलनं भरतात, ते अजिबात करू नका, रॉड जाम होतो. वरनं मास्किंग टेपची पट्टी, बाकी सगळ्या लाकडाला ग्लू, मग टेप ओढून काढा आणि फ्रेटबोर्ड ठेवून चांगले सात-आठ क्लॅम्प मारा. ग्लू ओला असतानाच चावी थोडी फिरवून बघा, अडली तर लगेच उघडता तरी येतंय. फ्रेटबोर्ड सपाट करताना आणि फ्रेट ठोकताना रॉड पूर्ण मोकळा, कुठल्याच बाजूला ताणलेला नको.

तारा चढवल्या की एक रात्र जाऊ द्या. मग पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटला बोट, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली ०.२ ते ०.३ मिमी फट हवी. ती मोजायला गाडीचं टॅपेट सेट करायचं फिलर गेज घ्या, टू-व्हीलर स्पेअरच्या दुकानात मिळतं. फट जास्त असली तर घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा, कमी असली तर उलटा, आणि परत मोजा. तारा वर आहेत म्हणून रॉड पिळणारे भरपूर भेटतात, पण उंची नट आणि सॅडलवर (तारा दोन टोकांना ज्यांवर टेकतात त्या पट्ट्यांवर; हा नट रॉडचा नव्हे) कमी करायची असते, रॉडवर नाही. आणि चावी घट्ट लागत असेल तर जोर लावू नका, आधी तारा सैल करा, नेक गुडघ्यावर हलकेच मागं दाबून धरा आणि मग फिरवा.