‘ओके’ वापरताना या चुका टाळा

‘ओके’ हा इंग्रजी शब्द इतका अंगवळणी पडला आहे की त्याचा अर्थ शब्दकोशात पाहावा असे कोणालाही वाटत नाही, आणि घोटाळे तिथूनच सुरू होतात. मजकूर तपासण्याच्या कामात या दोन अक्षरांनी घातलेला गोंधळ मी सतत निस्तरत असतो. त्यातल्या बहुतेक चुका अज्ञानापेक्षा घाईतून झालेल्या असतात.

सर्वांत चिवट चूक व्युत्पत्तीची आहे. अमेरिकन यादवी युद्धात ज्या दिवशी एकही सैनिक मारला जात नसे, त्या दिवशी छावणीतील फलकावर ‘झिरो किल्ड’ या अर्थाने शून्य आणि ‘के’ लिहीत, ही कथा नवशिके लेखक आजही मोठ्या विश्वासाने पाठवतात. ते युद्ध १८६१ ते १८६५ या काळातले आहे. हा शब्द मात्र २३ मार्च १८३९ रोजी ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’ या वृत्तपत्रात ‘ऑल करेक्ट’ या अर्थासह छापून आलेला आहे. युद्ध सुरू होण्याच्या बावीस वर्षे आधी छापलेला शब्द त्या युद्धात जन्माला कसा येईल, एवढा साधा प्रश्नही कथा सांगणाऱ्याला पडत नाही.

खरी हकीकत या दंतकथेहून अधिक रंजक आहे. त्या काळी बॉस्टनच्या वृत्तपत्रांना मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगवरून आद्याक्षरे बनवण्याचा नाद लागला होता. ‘ऑल करेक्ट’मधील ‘ऑल’ जाणूनबुजून ‘ओ’ने आणि ‘करेक्ट’ ‘के’ने लिहायचे, की झाले ‘ओ.के.’, त्याच धर्तीवर ‘राइट’ मुद्दाम ‘डब्ल्यू’ने लिहून ‘ऑल राइट’चे ‘ओ.डब्ल्यू.’ होई. बाकीचे असे विनोद विरून गेले. ‘ओके’ तगला तो १८४०च्या अध्यक्षीय निवडणुकीमुळे. उमेदवार मार्टिन व्हॅन ब्यूरेन हे न्यूयॉर्क राज्यातील किंडरहूकचे असल्याने त्यांना ‘ओल्ड किंडरहूक’ म्हणत, आणि त्यांच्या समर्थकांनी ‘ओ.के. क्लब’ काढले. व्हॅन ब्यूरेन हरले, शब्द मात्र देशभर पोहोचला. माजी अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना स्पेलिंग येत नसल्यामुळे ते कागदपत्रांवर ‘ओ.के.’ असा शेरा मारत, ही त्याच प्रचारातील विरोधकांची थट्टा होती. तिलाच आज काही जण पुरावा म्हणून पुढे करतात. ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने १९६३-६४ मध्ये ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकात हा सारा माग काढून दाखवला आहे. ग्रीक भाषेतील ‘ओला काला’ (सगळे ठीक) किंवा चॉक्टॉ या अमेरिकेतील आदिवासी भाषेतील ‘ओके’सारखा उच्चार पुढे करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की ध्वनिसाम्य हे नात्याचे प्रमाण नव्हे.

माझी सवय अशी की शब्दाची जन्मकथा समोर आली की प्रथम त्याचा सर्वांत जुना छापील दाखला कोणत्या वर्षीचा आहे ते पाहायचे. कथेतला काळ त्या दाखल्यानंतरचा निघाला, तर पुढे वाचायचे कारण उरत नाही. जुन्या शब्दांच्या आद्याक्षरांवरून रचलेल्या कथा एरवीही बनावटच निघतात. ‘ओके’ खरोखरच आद्याक्षरांतून आलेला असल्यामुळे लोकांचा इतर थापांवरही विश्वास बसतो, हा त्यातला अवघड भाग.

दुसरी चूक अधिक महाग पडते, ती म्हणजे ‘ओके’ला सरसकट मंजुरी समजणे. एका पुस्तिकेची मुद्रिते, म्हणजे छपाईपूर्वी तपासायच्या प्रती, आम्ही लेखकाकडे पाठवली होती. त्यांचे उत्तर एकाच शब्दात आले, ‘ओके’. नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्याने ते वाचून मजकूर तत्काळ छपाईला दिला. लेखकाला म्हणायचे होते, “मुद्रिते मिळाली, आता वाचतो.” मुखपृष्ठावरच्या उपशीर्षकातली चूक त्यांच्या नजरेस आली तेव्हा गठ्ठे बांधून झाले होते. सहकारी म्हणाला, “सर, त्यांनी स्वतःच ओके लिहिले होते!” लिहिले होते खरे, पण नेमके कशाला उद्देशून, हे विचारण्याइतका धीर त्याच्यापाशी नव्हता. एका शब्दात उत्तर देऊन मोकळे होणारा लेखकही तितकाच दोषी, असे माझे मत आहे. तेव्हापासून अशा उत्तरावर मी हमखास उलट विचारतो, “म्हणजे छापायला देऊ का?” याला ‘हो’ आल्याशिवाय कागद हलत नाही.

हाच शब्द विशेषण म्हणून आला की त्यात कौतुक शोधू नये. ‘द ड्राफ्ट इज ओके’ याचा अर्थ मसुदा चालण्याजोगा आहे, इतकाच. भाषांतरात त्याचे ‘उत्तम’ करणाऱ्यांनी स्वतःचीच समजूत घातलेली असते. काही देऊ केल्यावर ‘आय ॲम ओके’ असे उत्तर आले, तर तो बहुधा नम्र नकार असतो. गप्पांतल्या संदेशात नुसता ‘के’ लिहिला, तर वाचणाऱ्याला तो तुटक वाटण्याची शक्यता मोठी.

स्पेलिंगवरून हुज्जत घालण्यात अर्थ नाही: दोन मोठी अक्षरे, पूर्णविरामांसह दोन अक्षरे किंवा चार इंग्रजी अक्षरांचे ‘ओके’ (okay) ही तिन्ही रूपे प्रचलित आहेत, मात्र एका लेखात एकच ठेवावे. क्रियापदाचा भूतकाळ करताना दोन मोठ्या अक्षरांना थेट ‘ईडी’ चिकटवू नये. अपॉस्ट्रॉफी देऊन ‘डी’ लिहावा, नाहीतर चार अक्षरी रूप घेऊन त्याला ‘ईडी’ जोडावा.