हा आकडा नेमका कोणाचा? परफॉर्मन्स काउंटर शिकताना खाल्लेल्या ठेचा

प्रोसेसरच्या आत मोजदाद करणारी मोजकीच रजिस्टर, म्हणजे आकडा साठवायच्या छोट्या जागा, असतात. त्यांनाच परफॉर्मन्स काउंटर म्हणतात. किती सायकल गेल्या, किती सूचना पुऱ्या झाल्या, कॅशमध्ये शोधायला गेलेला हात किती वेळा रिकामा परतला, हे ती मोजतात. मला वाटायचं, एखादी सूचना दिली की आकडा हातात. पण कुठल्या रजिस्टरने काय मोजायचं हे ठरवायचा अधिकार फक्त कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, असतो. आपला प्रोग्रॅम विनंती करतो, एवढंच.

लिनक्समध्ये ही विनंती 'पर्फ_इव्हेंट_ओपन' या सिस्टीम कॉलने करतात. तो २००९ मध्ये, कर्नल २.६.३१ सोबत 'पर्फ_काउंटर_ओपन' या नावाने आला आणि २.६.३२ मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. त्याआधी परफमॉन२सारखे पॅच, म्हणजे बाहेरून जोडायचे कोडचे तुकडे, कर्नलला चिकटवत बसावं लागे. ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीत या कॉलसाठी तयार फंक्शन नाही, तो 'सिसकॉल' वापरून स्वतःच करावा लागतो. नवखा माणूस पहिल्यांदा अडखळतो तो इथेच. कॉल जमला की फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे उघडलेल्या फाइलचा क्रमांक, मिळतो. मग 'आयओसीटीएल'ने मोजणी सुरू करायची आणि 'रीड'ने आकडा घ्यायचा. काउंटर म्हणजे शेवटी एक फाइलच, हे कळल्यावर माझी अर्धी भीती गेली.

उरलेली अर्धी एका चुकीने घालवली. प्रोसेसर किती ऊर्जा खातो ते मोजायचं होतं. इंटेलच्या मशीनवर 'पॉवर' नावाचं उपकरण असतं, त्याचा टाइप क्रमांक (कुठल्या उपकरणाकडून मोजायचं ते विनंतीत सांगणारा) मी एकदा पाहिला आणि कोडमध्ये तसाच लिहून टाकला. माझ्या मशीनवर सगळं सुरळीत. दुसऱ्या मशीनवर मात्र आकडे आले ते भलतेच, कारण तिथे तो क्रमांक वेगळ्याच उपकरणाचा होता! ० ते ५ हे टाइप ठरलेले आहेत, त्यापुढचे कर्नल उपकरणं नोंदवताना वाटतो. त्या दिवशी एरर आली असती तर मी आनंदाने नाचलो असतो. चुकीचा आकडा बिचारा काही बोलत नाही.

म्हणून सांगतो, कोड लिहिण्याआधी एक संध्याकाळ '/सिस/बस/इव्हेंट_सोर्स/डिव्हायसेस' या फोल्डरमध्ये काढा. मॅन्युअलच्या शंभर पानांपेक्षा मी तिथे जास्त शिकलो. प्रत्येक उपकरणाचा एक फोल्डर आणि त्यात 'टाइप' नावाची फाइल. क्रमांक दर वेळी तिथूनच वाचायचा. 'फॉरमॅट'मध्ये कुठली माहिती कुठल्या बिटमध्ये भरायची ते लिहिलेलं असतं: इंटेलच्या 'सीपीयू' उपकरणात इव्हेंटचा, म्हणजे मोजायच्या घटनेचा, कोड ० ते ७ बिटांत, आणि त्या इव्हेंटचा उपप्रकार सांगणारा युमास्क ८ ते १५ मध्ये. 'इव्हेंट्स'मध्ये तयार नावं असतात, आणि ऊर्जेच्या इव्हेंटशेजारी 'स्केल' व 'युनिट' याही फाइली असतात. कच्च्या आकड्याला त्या स्केलने गुणल्यावरच ज्यूल मिळतात. काही उपकरणांत 'सीपीयूमास्क' दिसते. तिचा अर्थ, हे उपकरण अख्ख्या चिपचं आहे, एका प्रोसेसचं नाही. त्याला प्रोसेस क्रमांक दिलात तर कर्नल 'अवैध' म्हणून विनंती परत करतो, आणि ते बरोबरच आहे.

परवानगी नाकारली गेली तर '/प्रॉक/सिस/कर्नल/पर्फ_इव्हेंट_पॅरॅनॉइड' पाहा. तिथे २ असेल तर साध्या वापरकर्त्याला स्वतःच्या प्रोसेसचा फक्त युजर भाग, म्हणजे कर्नलबाहेर चालणारं काम, मोजता येतो, म्हणून विनंतीत 'एक्स्क्लूड_कर्नल' लावा. ही अडचण आली की लगेच रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, होऊन बसणारे मी बरेच पाहिलेत. कर्नल ५.८ पासून नेमकी एवढ्यासाठीच 'कॅप_पर्फमॉन' ही वेगळी परवानगी आहे. व्हर्च्युअल मशीनवर 'पर्फ' या मोजणीच्या साधनात सायकलसमोर 'नॉट सपोर्टेड' दिसलं तर बहुधा हायपरव्हायजरने, म्हणजे ते मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, काउंटर पुढे दिलेलेच नसतात. स्वतःचं कोड तपासत रात्र घालवू नका. मी घालवली आहे.

आता सगळ्यात फसवा भाग. प्रोग्रॅम करता येणारे काउंटर बऱ्याच इंटेल प्रोसेसरवर हायपरथ्रेडिंग (एका कोरवर दोन थ्रेड चालवणं) सुरू असताना प्रत्येक थ्रेडमागे चारच असतात. मी एका वेळी बारा इव्हेंट मागितले आणि कर्नलने निमूटपणे दिले! खरं तर तो त्यांना आळीपाळीने काउंटरवर बसवत होता. म्हणून आकड्यासोबत 'टाइम_एनेबल्ड' (इव्हेंट किती वेळ सुरू होता) आणि 'टाइम_रनिंग' (त्यातला किती वेळ तो खरोखर काउंटरवर होता) हे दोन्ही वेळ मागून घ्या. दुसरा पहिल्यापेक्षा कमी असेल तर तुमच्या हाती मोजणी नाही, अंदाज आहे. काही मिलिसेकंदांत संपणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एखाद्या इव्हेंटची पाळी येतच नाही. दोन आकड्यांचं गुणोत्तर काढायचं असेल, उदाहरणार्थ दर सायकलमागे किती सूचना, तर ते एकाच ग्रुपमध्ये उघडा. मग ते एकत्र बसतात, एकत्र उठतात.

ग्रुप कागदावर बसतो, पण चालवल्यावर आकडा येतच नाही, असंही होईल. तेव्हा '/प्रॉक/सिस/कर्नल/एनएमआय_वॉचडॉग' पाहा. तिथे १ असेल तर प्रोसेसर अडकला का ते पाहणारा कर्नलचा पहारेकरी सुरू आहे, आणि त्याच्यासाठी एक काउंटर कर्नलने आधीच धरून ठेवलेला असू शकतो.