लेयर केकचं फिलिंग: आधी पाणी बघा, मग चव

घरात आंबा आहे म्हणून आंबा, दिसायला छान म्हणून स्ट्रॉबेरी, असले सल्ले वाचले की वैताग येतो. केक, कस्टर्ड आणि क्रीमचे थर लावायचे असतील तर फळ निवडताना एकच गोष्ट आधी बघायची: ते पाणी किती सोडतं? चव नंतर. आणि नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 च्या आसपास असताना, क्रीमवर भिस्त ठेवूच नका. तेव्हा कस्टर्डचा थर जाड आणि क्रीमचा पातळ ठेवायचा.

स्पंज केक आदल्या दिवशीचा घ्या. कस्टर्ड अर्धा लिटर दुधाला 3 टेबलस्पून पावडर घालून घट्टच करा आणि पूर्ण गार होऊ द्या. फेटायला 35 टक्के फॅटचं क्रीम किंवा नॉनडेअरी व्हिपिंग क्रीम हवं. 25 टक्के फॅटचं टेट्रापॅकमधलं क्रीम कितीही फेटलं तरी उभं राहत नाही.

आता संत्री. इथे राहून दुसरं फळ आधी कशाला शोधायचं? संत्र्याचे बहार म्हणजे फुलोऱ्याचे हंगाम दोन: आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास बाजारात येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. मला केकसाठी मृगाचीच आवडतात. पण याच फळाने मला सगळ्यात जास्त छळलं आहे, त्यामुळे इथे घाई चालणार नाही.

फोडीवरची पांढरी साल आणि बिया काढायच्याच. "थोडी राहिली तर काय होतं" म्हणणाऱ्यांनी तो केक दुसऱ्या दिवशी खाऊन बघावा. साल-बियांतल्या एका घटकापासून रसात हळूहळू लिमोनिन नावाचा कडू पदार्थ तयार होतो, म्हणून करताना गोड लागलेलं फिलिंग सकाळी कडवट लागतं. रस मिक्सरमधून काढू नका, बिया भरडल्या जातात. हाताने हलकेच पिळा. तापवल्यावरही कडवटपणा वाढतो, म्हणून रस उकळायचा नाही.

सोललेल्या फोडी चमचाभर पिठीसाखर टाकून तासभर गाळणीत ठेवा. खाली गळलेला रस फेकू नका, स्पंज भिजवायला तोच वापरायचा. वेगळं साखरपाणी लागत नाही. फिलिंग बांधून यायला पाव कप पाण्यात 1 टेबलस्पून कॉर्नफ्लोअर आणि साखर शिजवून लापशीसारखं घट्ट करा, गॅस बंद करा आणि मगच हाताने पिळलेला अर्धा कप रस ढवळत घाला. गार झाल्यावर फोडी मिसळा. चमचाभर ताटलीत घेऊन ताटली तिरकी करा. पाणी वेगळं ओघळलं तर हे फिलिंग अजून केकमध्ये जायच्या लायकीचं नाही. फोडी पुन्हा गाळणीत. ही परीक्षा कुठल्याही फळाला लावा.

संत्र्याचा रस सरळ क्रीममध्ये फेटू नका. क्रीम पातळ होतं, कधी फाटतंही. वास हवा असेल तर वरची नारिंगी साल बारीक किसून घाला, पांढरा भाग न घेता.

बाकीच्या फळांबद्दल थोडक्यात. ताजा अननस जिलेटिनच्या जेलीवर घालू नका, त्यातलं ब्रोमेलिन हे एन्झाइम जेली बसू देत नाही. उकळून घ्या किंवा डब्यातला वापरा. चायनाग्रासच्या (अगर-अगरच्या) जेलीवर मात्र ताजा चालतो. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो, तो कच्चाच गार क्रीममध्ये मिसळायचा. आंब्याचा रस आटवून घ्या. स्ट्रॉबेरीवर साखर थर लावायच्या वेळीच घालायची, आधी नाही. केळं घालायचंच असेल तर सगळ्यात शेवटी, लिंबू लावून.

संत्रा बर्फी घालणार असाल तर तिचा चुरा कस्टर्ड आणि केकच्या मध्ये पसरा. थोडा ओलावा ती शोषते. मग क्रीममध्ये साखर अजिबात नको. तिच्यासोबत कडसर डार्क चॉकलेट जमतं, पांढरं चॉकलेट नाही.

एका केकला दोनच फिलिंग: एक आंबटसर, एक मऊ. तिसरं घातलं की कशाचीच चव कळत नाही.

थर लावून 4 तास फ्रीजमध्ये झाकून ठेवा. चिक्कीचा किंवा बिस्किटांचा चुरा आत घालायचा मोह आवरा, मऊ पडतो. तो वाढताना वरून घालायचा.