तुरटी, मीठ आणि वाळू वेगळी करताना या चुका टाळा

वाळू, मीठ आणि तुरटी यांचे मिश्रण वेगळे करायचा प्रयोग मराठवाड्यातल्या बहुतेक शाळांना परवडतो. गरम पाण्यात ढवळा, गाळा, थंड करा, तुरटीचे स्फटिक काढा, उरलेले पाणी आटवून मीठ मिळवा. कृती एवढीच आहे. तरीही तुरटी कधी बसत नाही, कधी नरसाळ्यातच बसते, कधी मिठात मिसळून येते. बहुतेक वेळा पाणी किती घेतले आणि ते कोणत्या तापमानाला आणले, यातच गडबड असते.

आधी आकडे पाहू. १०० ग्रॅम पाण्यात पोटॅशियमची तुरटी ० अंश सेल्सिअसला ५.७ ग्रॅम, १० अंशांना ७.६, २० ला ११.४, ३० ला १६.६, ४० ला जवळजवळ २४ आणि ६० ला सुमारे ५७ ग्रॅम विरघळते. मिठाचे तसे नाही. २० अंशांना ३६ ग्रॅम आणि उकळत्या पाण्यात ३९ ग्रॅम. म्हणजे पाणी थंड झाले की तुरटी बाहेर पडते, मीठ आतच राहते. वेगळे करण्याचे काम हा फरक करतो, नुसती उष्णता नाही.

पाणी अंदाजाने ओतणे

सगळ्यात जास्त प्रयोग इथेच फसतात. समजा मिश्रणात २० ग्रॅम तुरटी, ५ ग्रॅम मीठ आणि १० ग्रॅम वाळू आहे. ५० मिली पाणी ६० अंशांना २८ ग्रॅमपर्यंत तुरटी घेते, म्हणजे २० ग्रॅम आरामात विरघळेल. ते २० अंशांपर्यंत थंड केले की ५.७ ग्रॅम पाण्यात राहते आणि १४ ग्रॅमच्या आसपास स्फटिक मिळतात.

आता त्याच मिश्रणाला २०० मिली पाणी घाला. २० अंशांना एवढे पाणी २२.८ ग्रॅम तुरटी धरून ठेवते. तुमच्याकडे आहेच २० ग्रॅम. रात्रभर ठेवले तरी एक कण पडणार नाही. असे झाले तर द्रावण फेकू नका. मंद आचेवर ५०-६० मिलीपर्यंत आटवा आणि पुन्हा थंड होऊ द्या.

‘खोलीच्या तापमानाला थंड करा’ हे वाक्य तसेच पाळणे

पुस्तकातली खोली बहुधा २०-२५ अंशांची असते. परभणी-जालन्याकडे मे महिन्यात बाहेर पारा ४२ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या वर्गात वेगळे काही नसते. ४० अंशांना ५० मिली पाणी १२ ग्रॅम तुरटी सोडतच नाही, हाती लागते फक्त ८ ग्रॅम. १०० मिली पाणी घेतले असेल तर काहीच नाही. तोच प्रयोग डिसेंबरच्या सकाळी १० अंशांना केला तर ५० मिलीतून १६ ग्रॅम निघते. म्हणून वहीत तापमान लिहिल्याशिवाय दोन गटांच्या वजनांची तुलना करू नका.

उन्हाळ्यात चंचुपात्र आधी माठाच्या पाण्यात ठेवा. कोरड्या हवेत माठ चांगला गार असतो. मग बर्फाच्या पाण्यात हलवा. थेट बर्फात घालू नका. झटकन थंड केलेल्या तुरटीचा बारीक चुरा बसतो आणि कणाकणांत मिठाचे पाणी अडकते. सावकाश थंड झालेले स्फटिक भिंगाखाली पाहा: दोन पिरॅमिड तळाला तळ लावून ठेवल्यासारखे आठ चकचकीत बाजूंचे. मधूनच एखादा चौकोनी ठोकळा दिसला तर ते मीठ आहे, पाणी जरुरीपेक्षा जास्त आटले असे समजा.

द्रावण थंड होऊनही स्फटिक दिसत नसतील आणि पाण्याचा हिशोब बरोबर असेल, तर काचकांडीने पात्राची आतली बाजू घासा किंवा तुरटीचा एक कण टाका.

बोअरचे पाणी वापरणे

बोअरचे जड पाणी इथे खरा घात करते. त्यातल्या बायकार्बोनेटशी तुरटीची क्रिया होऊन पांढरा, चिकट ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा साका तयार होतो. गढूळ पाणी तुरटीने निवळते ते याच साक्यामुळे. पण या प्रयोगात तो गाळणकागद चोंदवतो आणि मुले त्याला ‘न विरघळलेली तुरटी’ म्हणून लिहितात. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर वापरा. स्वस्त आहे आणि गावागावांत मिळते.

वाळूतही हीच अडचण येते. नदीच्या वाळूत चुनखडीचे खडे असले तर तुरटीच्या आम्लधर्मी द्रावणात बुडबुडे येतात आणि साका धरतो. वाळू आधी विरल हायड्रोक्लोरिक आम्लात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, मग चार-पाच पाण्यांनी धुऊन वाळवा.

उकळणे आणि गार नरसाळे

६०-६५ अंश पुरेत, उकळी नको. खूप तापलेले घट्ट द्रावण गार नरसाळ्यात पडले की तुरटी कागदावर आणि नळीतच बसते आणि वाळूबरोबर जाते. नरसाळ्यातून आधी उकळते पाणी ओतून ते तापवा, कागदाला पंख्यासारख्या घड्या घाला, द्रावण थोडे थोडे ओता. नळी तुंबलीच तर २-३ मिली गरम पाणी सोडा. त्यामुळे तुरटीचे नुकसान अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी होते.

स्फटिक टाकीच्या पाण्याने धुणे

छतावरच्या टाकीतले ५० मिली कोमट पाणी १२ ग्रॅम तुरटी घेऊन जाते, म्हणजे जवळपास सगळी मेहनत. बर्फाच्या पाण्याचे ५ मिली घ्या, ०.३ ग्रॅमच जाईल. नंतर स्फटिक गाळणकागदात दाबून सावलीत वाळवा. तव्यावर किंवा ज्योतीवर नको. ९२ अंशांच्या आसपास तुरटी स्फटिकात बांधलेल्या स्वतःच्याच पाण्यात वितळते आणि आणखी तापवली की फुगून लाही होते.

मिठाबद्दल मुलांना खरे सांगा. स्फटिक काढल्यावरही पाण्यात थोडी तुरटी असतेच, त्यामुळे आटवून मिळालेले मीठ पूर्ण शुद्ध नसते. आटवण्याआधी द्रावण बर्फात ० अंशाजवळ नेऊन पुन्हा गाळा, म्हणजे ५० मिलीत तुरटी ३ ग्रॅमपेक्षा कमी राहील.

हे सगळे जमूनही वजने जुळत नसतील तर तुरटी तपासा. पाणीपुरवठ्याची मळकट लादी बहुधा ॲल्युमिनियम सल्फेटची असते. ती थंड पाण्यातही भरपूर विरघळते, तिचे असे स्फटिक मिळणार नाहीत. किराणा दुकानातला पारदर्शक खडा चालतो, पण तो अमोनियमच्या तुरटीचा असला तर वरचे आकडे थोडे हलतील. मोजमापासाठी प्रयोगशाळेची लेबल लावलेली बाटलीच घ्या.