दार न उतरवता बिजागऱ्या कशा बदलाव्यात

दार नुसतं कुरकुरत असेल तर बिजागरी बदलू नका, आधी तेलाचे दोन थेंब सोडून बघा. मधली पिन झिजून खुळखुळत असेल, पातं म्हणजे स्क्रूच्या भोकांची चपटी पट्टी वाकली असेल किंवा गंजाचे पापुद्रे सुटत असतील, तरच नवी आणा. आणताना जुनीची उंची, उघडल्यावरची रुंदी, पात्याची जाडी मोजा आणि कोपरे चौकोनी की गोल तेही पाहा. भोकं जागच्या जागी जुळली तर निम्मं काम वाचतं.

दार पूर्ण काढायच्या फंदात पडू नका. ते जड असतं आणि परत बसवताना नाकी नऊ येतात. दार उघडं ठेवून खाली लाकडी पाचर सरकवा, म्हणजे वजन तिच्यावर येईल. मग एका वेळी एकच बिजागरी बदला. ओढ सगळ्यात जास्त वरच्या बिजागरीवर येते, म्हणून ती शेवटी. दोनच बिजागऱ्या असतील तर दार धरायला कुणीतरी हवंच.

खरी कसोटी जुने स्क्रू काढताना लागते. त्यांच्या चिरेत कित्येक वर्षांचा रंग गच्च बसलेला असतो. तो जुन्या ब्लेडने खरवडा, चिरेत नीट बसेल असाच स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि त्याच्या मुठीवर हातोडीने हलकेच दोन ठोके द्या. गंजलेला स्क्रू त्या धक्क्याने सुटतो. माझ्यासारखी घाई करून चीर झिजवून बसलात, तर स्क्रू आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मधे जाडसर रबरबँड धरून फिरवून बघा. कधी जमतं, कधी नाही.

आता भोकं तपासा. दार लोंबण्याचं कारण पुष्कळदा बिजागरी नसून सैल झालेली भोकंच असतात. गूल काढलेल्या काडेपेटीच्या काड्या लाकडाच्या गोंदात बुडवून भोकात ठोका, रात्रभर वाळू द्या आणि वर आलेली टोकं कापून टाका. मग स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडा. स्क्रूच्या आट्यांना साबण किंवा मेण चोळलं की तो सहज उतरतो. पितळी स्क्रू मऊ असतो, जोर लावला की मान मोडते. म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आत पिळून काढा, मग पितळी लावा.

नवी बिजागरी पिनचं डोकं वर येईल अशी धरा. सगळे स्क्रू आधी अर्धवटच पिळा, पातं सरळ बसलंय ना पाहा आणि मग आवळा. पातं लाकडाच्या पातळीत बसलं पाहिजे. वर राहत असेल तर ते ज्यात बसतं ती लाकडातली खाच पटाशीने जराशी खोल करा, पण अगदी पापुद्र्यापापुद्र्याने. खाच जास्त खोल झाली तर दार मिटताना अडतं आणि हात सोडला की मागे येतं. तसं झालंच तर पात्याखाली पुठ्ठ्याची पट्टी घाला.