कालाब्रियाच्या खेड्यात मिशनचा एक महिना

वसईत आमच्या मुली विचारतात, "मावशी, इटलीत तर सगळे आधीच ख्रिस्ती, मग तिथे मिशन कसलं?" मी दक्षिण टोकाला, कालाब्रियात, जोया ताउरोच्या मैदानालगतच्या एका खेड्यात महिनाभर राहून आले आहे. तिथे मिशन म्हणजे दार वाजवणं आणि ऐकत बसणं. मुलं नोकरीसाठी उत्तरेत गेली, मागे म्हातारी माणसं उरली, आणि तीन-तीन गावांना मिळून एकच फादर.

ऑक्टोबरात जा. जपमाळेचा महिना आपल्यासारखाच तिथेही पाळतात. पहिल्या रविवारी दुपारी बारा वाजता पाँपेईच्या मातेची, म्हणजे मरियेची, सुप्लिका (विनवणीची प्रार्थना) म्हणतात, तेव्हा मी होते तिथलं चर्च भरलेलं होतं. तुमची ओळख त्याच दिवशी करून द्यायला फादरांना सांगा. शेवटून दुसऱ्या रविवारी जागतिक मिशन रविवार असतो. तेव्हा वसईबद्दल, वसईच्या संत गोन्सालो गार्सियाबद्दल दोन शब्द बोलायची तयारी ठेवा.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. शेन्गेन व्हिसावर (इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. पॅरिशचं (तिथल्या चर्चच्या धर्मग्रामाचं) निमंत्रणपत्र आधीच मागवा. तुम्ही राहायला आल्याचं यजमानाने ४८ तासांत लेखी कळवायचं असतं. पोचल्या दिवशीच त्यांना आठवण करा.

आता घरभेटी, ज्यासाठी जायचं. दुपारी एक ते साडेचार कोणाकडेही जाऊ नका, ती विश्रांतीची वेळ. पाचनंतर जा. उंबऱ्यावर थांबून "पेर्मेस्सो" (येऊ का?) म्हणा, आतून "आवान्ती" (या) आलं की पाऊल टाका. कॉफी येईलच, ती घ्या. भिंतीवर वारलेल्या नवऱ्याचा फोटो असतो. त्याच्याबद्दल विचारा आणि मग गप्प बसा. म्हाताऱ्या बायका बोलीत बोलतात, निम्मं कळत नाही, तरी हात धरून बसता येतं. सोबत जपमाळ ठेवा. "आवे मारिया", म्हणजे आपली "नमो मारिया" ही प्रार्थना, इटालियनमध्ये पाठ करून जा. एवढं एक केलंत तरी प्रत्येक घरात प्रार्थनेत आपला आवाज मिसळता येईल.

आजाऱ्यांना कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर) न्यायचं काम मात्र आपणहून अंगावर घेऊ नका. त्यासाठी बिशपांनी नेमलेले सेवक असतात. त्यांच्याबरोबर जा, टेबलावर पांढरं कापड घाला, मेणबत्ती लावा, वाचन करा.

चौकातल्या भिंतीवर मृत्यूच्या सूचना चिकटवलेल्या असतात. रोज सकाळी त्या वाचा आणि मयताला जा, ओळख असो-नसो. माझ्या मते प्रवचनापेक्षा याने गाव जास्त जवळ येतं. ऑलिव्हची तोडणी सुरू झाली की सकाळी जाळी अंथरायला मदत करा. शेतात बायका घरातल्यापेक्षा मोकळं बोलतात.

खाली मैदानात संत्री-क्लेमेंटाइनच्या बागांत आफ्रिकेतून आलेले मजूर राबतात. २०१० च्या जानेवारीत याच मैदानातल्या रोझार्नो गावात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, ते भडकले, आणि शेवटी त्यांनाच गावाबाहेर काढलं गेलं. आजही कित्येकजण तंबूत राहतात, अंधारात बिनदिव्याच्या सायकलींवरून परततात. त्यांच्याकडे एकट्याने जाऊ नका. कारितास या चर्चच्या मदतसंस्थेच्या माणसांबरोबर जा. सायकलचे दिवे, चमकणारी जाकिटं, गरम कपडे द्या. त्यांतले बरेच मुसलमान आहेत. त्यांना पत्रकं वाटू नका, मदतीच्या बदल्यात प्रार्थनेची अपेक्षाही ठेवू नका. गावातल्या एखाद्या आजीला तिच्या इच्छेने सोबत नेता आलं तर जरूर न्या, कारण आपण महिन्याने निघणार, ती शेजारीच राहणार.

पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा: कोणतं घर, कोण एकटं, कोणाला कोणत्या वारी डॉक्टरकडे न्यायचं. हे सारं खाजगी आहे, फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकू नका. शेवटच्या आठवड्यात पॅरिशमधल्या एखाद्या बाईला प्रत्येक घरी बरोबर न्या, फादरांना विचारून वही तिच्या हाती सोपवा आणि पुढची भेट कधी, ते तिच्याच तोंडून त्या घरात सांगू द्या.