ओली कणसे झाकू नका, हळदीवर विसंबू नका

जुन्नर, खेड, शिरूर पट्ट्यात परतीचा पाऊस आला की दरवर्षी तीच चूक होते. मक्याची ओली कणसे आणि भुईमुगाच्या ओल्या शेंगा ढीग घालून ताडपत्रीखाली दाबून टाकतात. ढीग आतून तापतो, वाफ कोंडते, पिवळट हिरवी बुरशी धरते आणि दाण्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष उतरते. बुरशी झटकून, दाणे भाजून किंवा शिजवून हे विष जात नाही. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात पावसात भिजलेला मका खाऊन शंभराच्या आसपास माणसे यकृत निकामी होऊन गेली.

यकृतात या विषाचे आणखी घातक रूप तयार होते आणि ते पेशींच्या डीएनएला चिकटते. हळदीतले कर्क्युमिन, कोबीवर्गातले सल्फोराफेन ते रूप निष्प्रभ करणारी विकरे (एन्झाइम) वाढवतात. कोंबड्यांवरच्या प्रयोगांत खाद्यात ०.५ टक्का हळदपूड, म्हणजे क्विंटलला अर्धा किलो, दिल्यावर यकृताची इजा कमी झाली. कमी झाली, थांबली नाही! दुकानदार 'लिव्हर टॉनिक'ची महाग बाटली पुढे करतो तेव्हा हे आठवा. घरची हळद दळून खाद्यात मिसळा, पण बुरशीचा भरडा खपवायला नाही.

पैसा ताडपत्रीवर घाला, पण ती खाली अंथरायला. माल वर पातळ पसरा, दिवसातून तीन-चार वेळा हात फिरवा, पाऊस आला तरच झाका आणि उघडीप मिळताच लगेच काढा. मका १२ टक्के, शेंगा ८ टक्के ओलाव्यावर आल्याशिवाय पोत्यात भरू नका. मीटर नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत मक्याचे दाणे आणि कोरडे मीठ घालून दोन-तीन मिनिटे हलवा. मीठ काचेला चिकटले तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे. शेंगेचा अंदाज कानाने: वाळलेली शेंग हलवली की दाणा खुळखुळतो.

बाकी नेहमीचे:
- बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी), किलोला ५ ग्रॅम
- उभ्या पिकात दाणे भरताना पाण्याचा ताण नको
- उपटलेले भुईमुगाचे वेल शेंगा वर करून उलटे ठेवा
- फुटक्या, किडक्या शेंगा वेगळ्या
- पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब

फोडणी यंत्रात दाणा फुटू नये म्हणून वाळल्या शेंगांवर पाणी मारतात, ते ताबडतोब बंद करा. आठवडाभराची वाळवण त्यात वाया जाते. बुरशीची पेंड दुभत्या गाईपुढेही टाकू नका, विष अफ्लाटॉक्सिन एम१ या रूपाने दुधात उतरते आणि ते दूध घरातले लेकरूच पिते. असा माल खड्ड्यात पुरा.